गुंडप्पाचं बारसं

नाव द्यावं तर मी! हे मी गर्वानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणतो. तेहतीस वर्षं सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझ्यासमोर कुठलंही पान धरा, मी त्याचं कुल, प्रजाती आणि जाती सांगतो. विड्याचं असलं तर आधी सांगतो, मग खातो. भवानी पेठेतल्या आमच्या तीन मजली इमारतीला 'पर्णकुटी' हे नाव मीच सुचवलं. इमारतीत झाड एकही नाही, पण नाव झकास आहे की नाही?

लग्नात बायकोचं नावही मीच बदललं. तिचं माहेरचं नाव रेश्मा. आता रेशीम म्हणजे किड्याचं, म्हणजे प्राणिशास्त्राचा विषय! माझ्या घरात ते कसं चालणार? मी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'विजयमाला' असं लिहिलं. माळ म्हटली की फुलं आली, फुलं म्हटली की वनस्पतिशास्त्र आलं. सगळ्या मांडवानं कौतुक केलं. नवरी त्या वेळी काही बोलल्याचं मला आठवत नाही. तिला कुणी विचारल्याचंही आठवत नाही.

वर्गीकरणातही माझा हात धरणारा कुणी नाही. मागे एकदा मी विजयमालाला मसाल्याचा डबा लावून दिला होता. जिरे, धने, ओवा आणि बडीशेप ही चारी एकाच कुलातली, म्हणून चारी एकाच वाटीत घातली. वेगळी ठेवायला शास्त्रीय आधारच नव्हता! त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात स्वयंपाक झाला, बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं परातीत घेऊन चारी निवडली. मी मदतीला बसलो तेव्हा म्हणाली, "तुम्ही फक्त लांब बसा."

एवढं सगळं असूनही मला एक खंत होती. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पाठ करून घेतली, पण जगातल्या एकाही वनस्पतीला मी नाव दिलेलं नव्हतं. आणि येत्या तीस तारखेला मी रिटायर होणार होतो. नारळ, शाल, दोन भाषणं आणि घरी! त्या विचारानं मला खरंच वाईट वाटायचं. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरची नावं वाचताना तर जास्तच.

अशात होटगीहून कुंडलिकचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता शेती करतो.

"सर, हिरीच्या खोदाईत एक दगड घावलाय. दगडच हाय, पर लाकडावानी दिसतोय. टाकू का ठिवू?"

"हात लावू नकोस!" मी ओरडलो आणि स्कूटर काढली.

दगड नव्हताच तो! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं ताडाच्या जातकुळीतलं खोड होतं. तेव्हा आपल्याकडे लाव्हा वाहत होता. त्या धामधुमीत हे बिचारं कुठंतरी गाडलं गेलं आणि कुजायच्या आत त्याच्या कणाकणाचा दगड झाला. वीतभर लांब, मनगटाहून जाड, गोल आणि गुळगुळीत. एका टोकाला तिळाच्या वडीवर दिसावेत तसे ठिपके. मी त्याला टॉवेलात गुंडाळून, स्कूटरवर पोटाशी धरून घरी आणलं. विजयमाला म्हणाली, "पोरांना दवाखान्यातून आणताना रिक्षा केली होतीत. तेव्हा तुमचे हात भरून येत होते."

त्या टोकाची एक पातळ चकती कापून मी पुण्याला डॉ. प्रतिक्षा सरवदेंकडे कुरिअर केली. दगड झालेल्या लाकडांची ओळख पटवण्यात ही बाई आज अव्वल मानली जाते. आहे माझीच विद्यार्थिनी! तिला मी प्रॅक्टिकलला वीसपैकी अकरा मार्क दिले होते. चित्रं सुरेख होती, पण शास्त्रीय नावांखाली रेघ मारली नव्हती. हातानं लिहिलेल्या शास्त्रीय नावाखाली रेघ मारायचीच असते! ती तेव्हा रडली होती. मी नऊ मार्क परत दिले नाहीत.

आता नियम ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरच आहे. वनस्पती नवी असेल तर तिचं वर्णन छापावं लागतं आणि ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना संग्रहालयात कायमचा जपावा लागतो. मी नाव छापायला जावं आणि नमुनाच हरवलेला असावा, असं झालं तर सगळं फुकट. माझ्याकडे नमुना होता एकच. कॉलेजच्या संग्रहालयाचं छत गळत होतं, म्हणून तो घरी होता.

नावही ठरलं होतं. स्वतःचंच नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, पण बरं दिसत नाही. म्हणून बायकोचं द्यायचं. पाल्मोक्सिलॉन, म्हणजे दगड झालेलं ताडाचं खोड, आणि पुढे विजयमालाए! आणि वनस्पतीच्या नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव लावायची पद्धतच असल्यामुळे पुढे आपोआप माझं आडनाव. म्हणजे रेशनकार्डावर आहे तस्संच!

ही बातमी मी विजयमालाला सांगितली तेव्हा ती शेंगा फोडत होती.

"अगं, तुझं नाव अमर होणार!"

"माझं? कुठलं?"

"कुठलं म्हणजे? विजयमाला!"

"हं. आणि त्या झाडाला विचारलंत का?"

"झाडाला काय विचारायचं?"

"तेही खरंच. माणसांना तरी कुठं विचारतात," असं म्हणून ती टरफलांचं सूप घेऊन आत गेली.

आनंदानं तिला बोलणं सुचलं नसावं, असा मी निष्कर्ष काढला.

शुक्रवारी प्रतिक्षाचा फोन आला. "सर, मी रविवारी बाराच्या सुमाराला घरी येते. मूळ नमुनाही बघेन."

"नवीन आहे ना?"

"प्रत्यक्ष बोलू, सर."

एवढी मोठी आनंदाची बातमी फोनवर सांगवत नसणार! मी सात जणांना पेढे देऊन टाकले.

शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या निंगव्वा आल्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती.

"वैनी, उद्या नातीचं बारसं गच्चीवर. तुमी तर हायच. पर तुमचा वरवंटा द्या की! पाळण्यात बाळाच्या आदी गुंडप्पा घालायचा असतोय. समदी गल्ली पालथी घातली बघा. मिक्सर घरटी दोन हायत, वरवंटा एकाकडं न्हाय!"

गुंडप्पा म्हणजे वरवंटाच. त्याला धुऊन, तेल लावून, कुंची घालायची, काजळ-कुंकू लावायचं आणि पाळण्याच्या खालून-वरून फिरवून बाळासारखं निजवायचं. दोन झोके दिले की त्याला काढायचं आणि मग खरं बाळ ठेवायचं. बाळ दगडासारखं ठणठणीत राहावं, हा त्यातला भाव.

"देते की," विजयमाला म्हणाली. "माळ्यावर आहे. सकाळी कट्ट्यावर काढून ठेवते, घेऊन जा."

मी पेपराच्या आड होतो. तिथंच मी बोलायला हवं होतं. कारण वरवंटा माळ्यावर नव्हता. आठ वर्षांपूर्वी एक दगड फोडताना मी तो हातोडा म्हणून वापरला होता. दगड शाबूत राहिला, वरवंट्याचे दोन तुकडे झाले. ते तुकडे मी चपलांच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवले होते, रीतसर चिठ्ठी लावून. 'बेसॉल्ट. स्थान : स्वयंपाकघर.' शास्त्रात मी कधी खोटं लिहिलेलं नाही. घरात बोललो नव्हतो, एवढंच.

रविवारी सकाळी सातलाच विजयमाला पुऱ्या लाटायला वर निघाली. जाताना दारातून म्हणाली, "अहो, ऐकताय ना? माझं राहूनच गेलं. माळ्यावरचा वरवंटा काढा, स्वच्छ धुवा, तेलाचा हात फिरवा आणि कट्ट्यावर पंचा पसरून त्यावर ठेवा. निंगव्वा येऊन नेतील."

"हं," मी म्हणालो.

माझ्या 'हं'बद्दल थोडं सांगायला हवं. तो तोंडातून येतो, कानाशी त्याचा काही संबंध नसतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त प्रतिक्षा होती, नमुना होता आणि नमुना तिच्यापुढे ठेवायचा कसा हा विचार होता. सुका दगड निस्तेज दिसतो. तेल लावलं की ठिपके कसे उठून दिसतात! मी तो नळाखाली स्वच्छ धुतला. शेंगदाण्याचं तेल घेऊन प्रेमानं हात फिरवला. मग कट्ट्यावर पंचा पसरला आणि त्यावर ठेवला. दार नुसतं ओढून घेतलं आणि दाढी करायला सलूनमध्ये गेलो. परत येताना प्रतिक्षासाठी गुच्छही घेतला.

साडेअकराला आलो तर कट्ट्यावर पंचा होता. नमुना नव्हता!

साडेसहा कोटी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या स्वयंपाकघरात अडीच तास टिकली नव्हती! मी डबे पाहिले, फ्रिज पाहिला, कुकर उघडून पाहिला. विजयमालाला फोन लावला, तो पिठाच्या डब्यावर वाजला. मग मी स्वतःला सावरलं. अशा वेळी वर्गीकरणच कामाला येतं. चोराचे गट पाडायचे! पाळीव आणि जंगली. जंगली चोर टीव्ही सोडून दगड नेणार नाही, म्हणजे चोर पाळीव. पाळीवांत पुन्हा दोन पोटगट, ज्यांना नमुन्याचं मोल माहीत आहे ते आणि नाही ते. मोल माहीत असलेला सोलापुरात मी एकटाच. मी स्वतःवर संशय घेऊन पाहिला. तो पुढे खरा निघाला, पण तेव्हा मी तो नाकारला.

तेवढ्यात मला फरशीवर तेलाचा थेंब दिसला. मग उंबऱ्यावर एक दिसला. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर!

मी थेंबांच्या मागे निघालो. दुसरा मजला, तिसरा मजला, गच्ची! गच्चीवर मांडव होता, मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा होता आणि भोवती साठेक बायकांचा गराडा. पुरुष मंडळी टाकीजवळ खुर्च्या टाकून बसली होती. मागे थर्माकोलवर सोनेरी अक्षरांत बाळाचं नाव लावून वर साडी सोडलेली होती. आणि पाळण्यात कुंची घातलेलं, गुंडाळलेलं, लांबट असं काहीतरी निजवलेलं होतं. कपाळाला कुंकू. गालाला काजळ. तेलानं चकाकत होतं!

एक बाई त्याच्यावर वाकत होती. कुणीतरी पाळण्याची दोरी ओढली. पाळणा उंच गेला. माझ्या डोळ्यांपुढे तो नमुना गच्चीच्या फरशीवर पडून खळ्ळकन फुटताना दिसला.

"थांबा!" मी गुच्छ टाकून गराड्यात घुसलो. "कुणी हात लावू नका! ही विजयमाला आहे!"

मी पाळण्यावर दोन्ही हात पसरून ओणवा झालो आणि पुन्हा ओरडलो, "विजयमाला!"

कुंचीतून दोन डोळे उघडले. मग तोंड उघडलं. मग असा टाहो फुटला की टाकीवरची कबुतरं उडाली. गुंडप्पाची पाळी दोन मिनिटांपूर्वीच संपली होती. पाळण्यात निंगव्वांची नात होती.

आणि याच क्षणाला माझ्या पाठीत पहिला धपाटा बसला. त्यात कुणाचा राग नव्हता, रीत होती. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की भोवतीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बायका हात उचलूनच उभ्या होत्या. नाव ऐकू आलं, पाळण्यावर वाकलेली पाठ दिसली, त्यांनी काम उरकलं. नावही दोनदा ऐकू आलं होतं, त्यामुळे दोन फेऱ्या झाल्या.

वाकत होती ती खरी आत्या. बाळाच्या वडिलांची थोरली बहीण, सिद्धम्मा. ती सरळ उभी राहिली. तिच्या हातात बाळासाठी आणलेले सोन्याचे मणी होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"कोन हाय हा मानूस?" तिनं विचारलं. "मी सा म्हैने नाव शोधलंय. क्रियांशी! मोबाईलवर बघून, समद्यांस्नी विचारून. माजा मान हुता त्यो!"

"अहो, मी बाळाला काही म्हणालोच नाही," मी पाठ चोळत म्हणालो. "मी त्या दगडाला म्हणत होतो."

हे ऐकून मांडवात जी कुजबुज झाली तिचं वर्गीकरण करायची गरज नव्हती.

निंगव्वा पुढे आल्या. त्यांनी नातीला उचललं, थोपटलं. बाळ गप्प झालं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विजयमालाऽ." बाळ हसलं. नंतर कुणी म्हणालं की ते गॅसमुळे होतं, पण तोवर निकाल लागला होता.

"पाळण्यापाशी पयलं जे नाव पडलं, ते पडलं," निंगव्वा म्हणाल्या. "मागं घ्यायचं नसतंय. आमच्या आईनं सांगितलेलं हाय. सिद्धम्मा, अव्वा, रडू नगंस. दाखल्यावर तुजं क्रियांशी घाल की! पर पाळण्यातलं नाव हेच ऱ्हाणार. वैनींचं नाव हाय, वैनी लई गुणाच्या हायत."

सिद्धम्मानं नाक ओढलं. दाखल्याच्या बोलीवर तिनं मणी बाळाच्या गळ्यात बांधले. मी हात जोडून तिची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण सहा महिने शोधलेलं नाव दुसऱ्याच्या ओरडण्यानं जावं म्हणजे काय, हे मला त्या गच्चीवर सगळ्यात जास्त कळत होतं.

"पण माझा दगड?" मी हळूच विचारलं.

"गुंडप्पा व्हय?" निंगव्वा म्हणाल्या. "तुमीच काडून ठिवला की! धुऊन, तेल लावून, पंचावर. मी म्हटलं, सर किती टापटिपीचे! त्येचं काम झालं. लाईट गेलीया, मिक्सर बंद. चटणीला दिला तिकडं."

चटणीला!

मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धावलो. तिथं आडोसा करून स्वयंपाक चालला होता. विजयमाला कढईसमोर झारा घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी एक धिप्पाड आचारीणबाई दगडी खलात शेंगदाणे, लसूण आणि तिखट घालून कुटत होती. माझ्या नमुन्यानं! धाड, धाड, धाड!

"अहो बाई, ते साडेसहा कोटी वर्षांचं आहे!"

"असंना की," ती कुटत म्हणाली. "लई झ्याक कुटतंय. मिक्सरमदी चटणीला असं त्याल सुटत न्हाय."

मी तो तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. लाल झाला होता. एका टोकाला लसणाची पाकळी चिकटली होती. मी तो छातीशी धरला. पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते सांगत नाही.

विजयमालानं झारा खाली ठेवला. "अहो, हा तो? मग आपला वरवंटा कुठाय?"

"चपलांच्या कपाटात," मी म्हणालो. "दोन तुकडे आहेत. चिठ्ठी लावलीये."

ती काही बोलणार, इतक्यात मागून आवाज आला. "सर?"

खांद्याला पिशवी लावून डॉ. प्रतिक्षा सरवदे उभी होती. खाली दार सताड उघडं, आत कुणी नाही, वर गलका. म्हणून ती वर आली होती. तेहतीस वर्षांच्या नोकरीतल्या माझ्या सर्वांत मोठ्या क्षणी मी कुंकू, तेल आणि शेंगदाण्याच्या चटणीनं माखून उभा होतो.

ती हसली नाही. तिनं नमुना घेतला, ओढणीच्या टोकानं लसूण काढली, पिशवीतून भिंग काढलं आणि कापलेलं टोक उन्हात धरलं. बराच वेळ पाहिलं. "किती सुरेख दिसतंय सर," ती म्हणाली. "तेलानं सगळं उठून आलंय. एक टवकाही उडालेला नाही."

"म्हणजे नवीन आहे ना?"

तिनं भिंग मिटलं. "सर, म्हणूनच आले. फोनवर सांगवेना. नवीन नाहीये. नव्वद वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका दगडावरून या झाडाला नाव दिलं गेलंय. मी तुमची चकती तीनदा पाहिली. दोन सहकाऱ्यांना दाखवली. नवीन निघावं असं मलाही खूप वाटत होतं."

मी तिथल्या पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यावर बसलो.

"पण आपलं नाव जास्त चांगलं होतं," मी म्हणालो. हे मी काय बोलतोय, असं मला बोलतानाच वाटलं.

"सर, तुम्हीच शिकवलंत. जे नाव आधी दिलं तेच खरं. नंतर कितीही चांगलं नाव ठेवलं तरी ते चालत नाही. टेबलावर हात आपटून शिकवायचात."

हे खरं होतं. हात अजून दुखतो.

तिनं पिशवीतून एक चिठ्ठी काढली, गुडघ्यावर ठेवून त्यावर ते जुनं नाव लिहिलं, खाली 'स्थान : होटगी. संग्राहक : प्रा. यशवंत' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघत नावाखाली ठळक रेघ मारली. "होटगीची नोंद मात्र पहिलीच आहे, सर. ती तुमच्या नावानं छापून येईल."

मी चिठ्ठी घेतली. ती रेघ पाहिली आणि म्हणालो, "वीसपैकी वीस."

एवढा वेळ विजयमाला झाऱ्याजवळ उभी राहून पाळण्यापाशीचं आणि इथलं सगळं ऐकत होती. ती पुढे आली. "प्रतिक्षा, मला एक नीट सांग. आधी एक नाव होतं. मग कुणीतरी हौसेनं दुसरं ठेवलं. तर कुठलं धरायचं?"

"आधीचं, काकू."

"दुसरं कितीही वर्षं चाललं तरी?"

"सहसा हो. काही वेळा अपवाद करतात, पण त्यासाठी..."

"अपवाद नकोय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "माझे वडील गिरणीत जाडेभरडे टॉवेल विणायचे. आयुष्यात रेशमाला हात लागला नाही त्यांचा. पहिली मुलगी झाली तेव्हा म्हणाले, घरात एक तरी रेशीम असू दे. म्हणून रेश्मा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी खरंच विचारलं नव्हतं. तेहतीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रत्येक नावामागची हकिगत सांगत आलो. कुठलं नाव कुणाच्या आठवणीत, कुठलं कुठल्या गावावरून. घरातलं एकच नाव खोडलं, त्याची हकिगत आज पुऱ्यांच्या डब्यावर बसून कळत होती. मला लाज वाटली. खूप वाटली.

"मग विजयमाला?" मी विचारलं.

"ते नाव आता वरच्या मजल्यावर गेलं," ती म्हणाली. "बाळ हसलंय त्याला. एका इमारतीत दोन कशाला?"

प्रतिक्षानं चटणी आणि कडक भाकरी मागून घेतली, दोनदा. चटणी अशी कधी खाल्लीच नाही, असं ती म्हणाली. नमुना आता कॉलेजच्या संग्रहालयात आहे, छत दुरुस्त झालंय. इमारतीचं सोडलं तर तेहतीस वर्षांत मी एकूण दोन नावं ठेवली. एक चालत नाही असं ठरलं. दुसरं मी ठेवलं नव्हतंच, माझ्या तोंडून पडलं, आणि ते रोज पहाटे पाचला आमच्या डोक्यावर रडतं.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर मी ताटात तांदूळ पसरले. बोटातली अंगठी आता निघत नाही, म्हणून बोटासकटच लिहिलं. 'रेश्मा.' अक्षर चांगलं आलं. खाली सवयीनं रेघही मारली. मग ताट तिच्यापुढे धरून उभा राहिलो.

तिनं ते वाचलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "छान. आता तेच धुवा आणि कुकरला लावा. मी सकाळपासून उभी आहे."

मी लावले. पाणी जास्त झालं.